मामांची विनाशिका

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राचा इतका अभिमान बाळगणारा माणूस आमच्या मामेसासऱ्यांशिवाय अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर मामा त्याला चार प्रश्न विचारून घरी पाठवतील. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. त्यांचं गाव फलटणच्या अलीकडे, पाटाच्या पाण्यावरचं. चहूबाजूंनी ऊस, मध्ये गाव, आणि गावातलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे शाळेमागचं शेततळं. अशा ठिकाणी हे गृहस्थ रोज सकाळी ओट्यावर उभे राहतात आणि कपाळाला आडवा हात लावून उसाकडे असे बघत बसतात की नवख्या माणसाला वाटावं, आता उसातून काहीतरी भलंमोठं बाहेर येणार. येत काही नाही. फार तर साखर कारखान्याचा माणूस तोडीची चिठ्ठी घेऊन येतो.

त्या गावात घरटी एक माणूस फौजेत. सोयरीक जमवताना मुलाचं शिक्षण नंतर विचारतात, कुठल्या पलटणीत आहे ते आधी. ग्रामपंचायतीसमोर एक काळा दगड उभा केलाय आणि गावातून जे जे फौजेत गेले त्या सगळ्यांची नावं त्याच्यावर कोरली आहेत. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंडा फडकला की गावचे म्हातारे सुभेदार त्या दगडापाशी उभे राहून एकेक नाव वाचतात. जो हयात आहे तो स्वतः 'हजर' म्हणतो. जो नाही, त्याच्या घरचं कुणीतरी उभं राहून त्याच्या वतीने 'हजर' म्हणतं. एवढ्या एका शब्दासाठी माणसं पुण्याहून, दिल्लीहून रजा टाकून येतात. मी नात्याने त्या गावचा जावई, म्हणजे तसा परका, पण ती हजेरी सुरू झाली की माझीही पाठ आपोआप ताठ होते.

या हजेरीत मामांच्या घराचं नाव नव्हतं, आणि मामांच्या आयुष्यातलं एकमेव दुःख ते हेच. कारण मामांचे वडील दत्तूआबा गेले होते. पण फौजेत नाही, आरमारात. विलायतेत महायुद्धाच्या काळात बांधलेली, सहा इंग्रज कप्तानांच्या हाताखाली लढलेली एक विनाशिका, म्हणजे लढाऊ बोट, आपल्या सरकारने स्वातंत्र्यानंतर विकत घेतली. ती आणायला इथून जे खलाशी विलायतेला गेले त्यांत दत्तूआबा होते, बॉयलरखान्यात. पुढे छातीचा आजार घेऊन ते घरी आले आणि मामा शाळेत असतानाच वारले. मागे राहिला खलाशाच्या वेशातला एक फोटो. कागदपत्रं ट्रंकेत होती, ती वाळवीने खाल्ली, असं मामांचे थोरले चुलते बाबूतात्या सांगत. दगड उभा राहिला तेव्हा सुभेदारांनी एकच नियम घातला होता, कागद दाखवा आणि नाव घाला. मामांनी फोटो नेला. सुभेदार म्हणाले, "गड्या, असलं फोटू जत्रंतबी निघत्यात. माजा सवताचा वाघावर बसल्याला हाय."

मामांनी सरकारदरबारी अर्ज केले. उत्तर आलं, या नावाचा कुणी खलाशी दफ्तरात आढळत नाही. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मामांनी निष्कर्ष काढला की सरकारला बोटीचीच नीट माहिती नाही. "आदी बोट शाबीत करायची," ते म्हणाले, "मग बाप आपसूक शाबीत हुतोय." आणि तिथून पुढे चाळीस वर्षं त्यांनी बोट शाबीत केली. विलायतेला पत्रं धाडली, रद्दीतून इंग्रजी मासिकं काढली, निवृत्त नौसैनिकांना मुंबईत जाऊन गाठलं. ती कुठल्या नदीवर बांधली, पाण्यात कुणाच्या बायकोने सोडली, कुठल्या बर्फाच्या समुद्रात तिची डोलकाठी गोठली, बॉयलर कितीदा उघडले, शेवटी कुठे मोडीत निघाली, हे सगळं एका दोनशे पानी वहीत आहे. ती वही देवघरात असते आणि खंडेनवमीला, बाकीच्या घरांत तलवारी-बंदुका पुजतात तेव्हा, मामांच्या घरी तिला हळदकुंकू वाहतात. बोटीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तपशिलात एक चूक झाली तरी मला चार पानी पत्र येईल, आणि तेही मलाच टाइप करावं लागेल.

अडचण एवढीच होती की त्या वहीत सगळं होतं, फक्त दत्तूआबा नव्हते. बोटीच्या इतिहासात कप्तान असतात. बॉयलरखान्यातल्या माणसाला तिथे कोण विचारतो! त्यामुळे बाप शोधता शोधता मामांना कप्तानच पाठ झाले. सहा गोरे आणि त्यांच्यानंतरचे आपले, सगळे क्रमाने. इंग्रजांची नावं ते घेत नाहीत, नंबर घेतात. पहिला अबोल. दुसरा खलाशांबरोबर जेवणारा. चौथा शिस्तीचा, पाचवा देवभोळा. गावातल्या प्रत्येक माणसाला मामांनी यांतला एक नंबर दिलेला आहे. नवीन सरपंच निवडून आले की लोक मामांना विचारतात, "कितवा हो?" मामा दोन महिने निरखून बघतात आणि मगच सांगतात. मला त्यांनी लग्नाआधीच 'तिसरा' ठरवलं होतं. बैठकीत "पोरगा तिसरा हाय" असं म्हणून त्यांनी मान हलवली तेव्हा मी सुखावलो. लग्नाला सात वर्षं झाल्यावर मला कळलं की तिसऱ्याने भरदिवसा, हवा स्वच्छ असताना, बोट बंदराच्या तोंडाशी चिखलात घातली होती.

खरं तर माझं लग्न जमलं तेच त्या बोटीमुळे. मी साताऱ्याच्या एका कचेरीत टंकलेखक होतो, इंग्रजीचा. मुलीकडच्या बाकी मंडळींनी पगार विचारला, मामांनी वेग विचारला. मी सांगितला. मामा माझ्या सासूबाईंकडे वळून म्हणाले, "आक्का, हातचं सोडू नगंस." आमच्या सांगलीच्या घरी लग्न लागलं, आणि पंगत खोळंबलेली असताना मामांनी माझ्या वडिलांना एका खांबापाशी गाठून बोटीची युद्धातली पहिली दोन वर्षं सांगितली. वडील मास्तर होते, जन्मभर दुसऱ्यांना ऐकवण्याची सवय. त्या दिवशी त्यांना कुणीतरी भेटला.

घरात मामांचा कारभार बोटीसारखा. ओट्याला ते डेक म्हणतात, स्वयंपाकघराला गॅली. माडीवर जाताना "वर चढतोय" अशी वर्दी देतात, वर कुणी नसलं तरी. दारात पितळी घंटा टांगली आहे आणि ती दर अर्ध्या तासाला ते बोटीच्या हिशेबाने वाजवतात, म्हणजे दुपारी बारा वाजता आठ टोले आणि साडेबाराला एक. शेजारच्या घरी सून नवी आली तेव्हा तिने या घंटेवर विसंबून डबे भरले आणि तिचा नवरा पहिल्या दिवशी कामाला दीड वाजता पोचला. मामी या सगळ्याला पुरून उरल्या आहेत. "गॅलीतनं चहा येतोय का?" असं ओट्यावरून आलं की त्या आतून म्हणतात, "आवं, बोट बुडाली म्हनावं, चहा बी बुडाला." एकदा मी त्यांना विचारलं की विनाशिका म्हणजे नेमकं काय. मामी म्हणाल्या, "आमच्या घराकडं बगा की."

उसाच्या तोडीच्या वेळी मामांना विशेष चेव येतो. एका वर्षी ट्रॉली भरल्यावर वर चढून ते चालकाला हाका मारू लागले. चालक जतकडचा, नवा. मामांच्या आरोळ्यांपैकी कुठली डावी आणि कुठली उजवी हे त्याला कळेना, आणि ट्रॉलीचं एक चाक पाटाच्या कडेवरून खाली गेलं. माणसं धावली. चालकाने केव्हाच उडी मारली होती. मामा मात्र कलत्या उसावर दोन्ही पाय रोवून उभे. "मामा, उतरा!" लोक ओरडत होते. मामा म्हणाले, "कप्तान शेवटी उतरतोय. आदी माल उतरवा." लोकांनी एकेक मोळी खाली घेतली, दीड तास. शेवटची मोळी उतरल्यावर मामा उतरले, धोतर झटकलं आणि चालकाला सलाम केला. तो बिचारा तेव्हापासून त्यांना साहेब म्हणतो.

स्वतः मामा समुद्रावर एकदाच गेले, माझ्याबरोबर, मुंबईत. लाँच धक्का सोडून हललीसुद्धा नव्हती नीट, तोच मामांनी माझा खांदा धरला, आणि पुढचा पाऊण तास काय झालं ते मी लिहिणार नाही. परत जमिनीवर आल्यावर बाकावर बसून त्यांनी लिंबू चोखलं आणि म्हणाले, "ही बोट न्हवं जावईबापू, ही व्हडी. मोट्या बोटीत आसलं हुत न्हाई." मी हो म्हणालो. त्या माणसाला नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही.

तर मी निवृत्त झालो, टाइपरायटर गेला, मोबाईल आला, आणि मामांची पत्रं आता ईमेलने जाऊ लागली. मजकूर तोच राहिला. मागच्या वर्षी इंग्लंडमधल्या जुन्या नौसैनिकांच्या एका मंडळाला मी असंच एक पत्र पाठवलं आणि तीन आठवड्यांनी एका बाईंचं उत्तर आलं. त्या सहाव्याची लेक निघाल्या. ज्याने बोट आपल्या हवाली केली, तो शेवटचा गोरा कप्तान! मामांना इतका आनंद झाला की त्यांनी मला उत्तरात "घरच्या सर्व मंडळींना नमस्कार, लहानांस आशीर्वाद" असं घालायला लावलं. बाईंनी वडिलांच्या कपाटातून एक छोटी पुस्तिका शोधून तिच्या पानांचे फोटो पाठवले. बोट आपल्या ताब्यात आली त्या दिवशी आपल्या खलाशांनीच छापून घेतलेली. प्रत्येकाचं नाव, काम आणि गाव.

मी त्याच दिवशी फलटणची एसटी पकडली. ओट्यावर बसून मोबाईलवर ते पान मोठं केलं. बॉयलरखान्याच्या यादीत, खालून चौथ्या ओळीत, मामांचं गाव होतं. अगदी स्पष्ट. मी ओरडलोच. मामांनी चष्मा पुसला आणि ओळ वाचली. पुन्हा पुसला, पुन्हा वाचली. गावापुढचं नाव दत्तूचं नव्हतं. बाबूरावाचं होतं.

बाबूराव म्हणजे बाबूतात्या, मामांचे थोरले चुलते. ज्यांनी जन्मात एकदाच नीरा नदी ओलांडली, तीसुद्धा देवाला हात जोडून. मामांनी चष्मा काढून ठेवला. इतकी शांतता झाली की मामी न बोलावता गॅलीतून बाहेर आल्या. शेवटी मामा एवढंच म्हणाले, "मंजी आबा बोटीवर न्हवताच." मला बघवेना. मी म्हणालो, मामा, काम आणि गाव तेवढं दाखवू, नाव पुसट आलंय म्हणून सांगू, फोटोची कड कापता येते. मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "जावईबापू, तिसऱ्यानं बोट चिकलात घातली, पर वर कळवताना सवताच्या हातानं खरं लिवलं हुतं." आणि उठले, पायात वहाणा घातल्या आणि माझा मोबाईल घेऊन थेट सुभेदारांच्या घरी गेले. चाळीस वर्षांचा दावा एका ओळीने मोडत होता आणि ती ओळ ते स्वतः घेऊन निघाले होते. मी मागून चालत होतो. इतका अभिमान मला कुणाचा वाटलेला नाही.

सुभेदारांच्या ओसरीवर चारजण बसले होते. यादी वाचून एकजण हसला. "तात्या? आन विलायतेला? आवं, तात्याला फलटणच्या बाजारात चुकल्यागत व्हायचं!" सुभेदार हसले नाहीत. त्यांनी काठी घेतली. "तुज्या थोरल्या आईला इचारू," ते म्हणाले. थोरली आई म्हणजे बाबूतात्यांच्या पत्नी, वय नव्वदीच्या पुढे, कान गेलेले, बाकी सगळं शाबूत. आम्ही परत आलो तेव्हा ती उन्हात बसून पावटे सोलत होती. मामांनी तिच्या कानाशी ओरडून विचारलं, बोटीच्या यादीत तात्यांचं नाव कसं?

"मग कुणाचं आसंल?" ती म्हणाली. हात थांबले नव्हते. "दाखला ह्येंचाच हुता न्हवं का."

मग तिने सांगितलं. दत्तू शाळेत टिकला नव्हता आणि भरतीला शाळेचा दाखला लागे. तात्या सातवी झालेले. "जायाचं ह्येंच्याच मनात हुतं. मुंबैची गाडी कुटनं मिळती ते बी इचारून आलं हुतं. पर सासूबाई हातरुनाला खिळल्याली, जमीन कोन बगनार? मग दाखला दत्तूच्या हातात दिला. म्हनालं, म्या न्हाई तर न्हाई, माजं नाव तरी जाऊ दे विलायतंला."

"आन कागदं? वाळवी?" मामांनी पुन्हा कानाशी ओरडून विचारलं.

"कसली वाळवी! दत्तू गेल्यावर ह्येंनीच चुलीत घातली. सरकार पोराला तरास दील म्हनून. मला शपत घातली हुती." तिने पावट्यांचं ताट बाजूला सरकवलं. "आता मोडली म्हना. ह्यो कागूद सायबाच्या पोरीकडनं आलाय, माज्याकडनं न्हाई."

सगळे सुभेदारांकडे बघू लागले. एकाच्या नावावर दुसरा, म्हणजे तसा गुन्हाच. सुभेदारांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "त्या दगडावर दुसऱ्याच्या दाखल्यानं गेल्याली किती हायती ते कुनी इचारू नगा. माजं खरं वय बी इचारू नगा." आणि मामांना म्हणाले, "पर गड्या, नेम मंजी नेम. कागदावर बाबूराव, तर दगडावर बाबूराव. घालायचं का न्हाई, तू सांग."

दोन दिवस घंटा वाजली नाही. मामा उसाकडे तोंड करून बसले, पण बघत नव्हते. ज्या नावासाठी चाळीस वर्षं घालवली ते दगडावर कधीच येणार नव्हतं, हे त्यांना कळलं होतं. तिसऱ्या दिवशी मामीच म्हणाल्या, "आवं, वाजवा की घंटा. घर सुनं वाटतंया." मामा उठले, आठ टोले दिले आणि मला म्हणाले, "सुबेदारास्नी सांगा, तात्यांचं नाव घाला. आबानं त्ये नाव घिऊन समिंदर वलांडला. त्येला त्ये लहान वाटलं न्हाई, तर मला का वाटावं?"

नाव फलटणच्या पाथरवटाने कोरलं. सव्वीस जानेवारीला मी, बायको, सगळे गेलो. मामांनी घरी 'हजर' चार-पाच वेळा म्हणून बघितलं होतं; मामींनी ते ऐकून आम्हाला सांगितलं. झेंडा फडकला. सुभेदार वाचू लागले, एकेक नाव, एकेक 'हजर'. मग त्यांनी बाबूरावाचं नाव घेतलं, पुढे म्हणाले, "आरमार." मामा उभे राहिले. तोंड उघडलं, आवाज येईना. पुन्हा उघडलं. सगळं गाव थांबलेलं. एखाद्या नावाला उत्तर आलं नाही असं गावात आजवर झालं नव्हतं. मी मामांचा हात धरला, पण मला काही म्हणण्याचा अधिकार नव्हता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोरली आई कुणाच्या तरी आधाराने उभी राहत होती. तिला नाव ऐकू गेलं असणं शक्य नव्हतं. मामांचा चेहरा मात्र तिला दिसत होता.

"हजर," ती म्हणाली. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "दोगंबी."

हजेरीत एका शब्दापलीकडे कुणी बोललेलं सुभेदारांना खपत नाही. या वेळी त्यांनी मान वर केली नाही. पुढचं नाव वाचलं, इतकंच.

परत येताना थोरली आई मामांच्या हाताला धरून सावकाश चालत होती, तिचं लक्ष रस्त्याकडे. मामांची मान त्या दिवशी अशी काही वर होती की वाटेतल्या प्रत्येकाने त्यांना आधी राम राम घातला. घराच्या वळणावर ते माझ्याशी बोलले, हळू आवाजात, बोटीवरचा एकही शब्द न वापरता.

"जावईबापू, कुटनंकुटनं कप्तान गोळा केलं मी. आन ज्येचं नाव बोटीवर गेलं त्यो मानूस माज्या शेजारी बसून तीस वरसं जेवला. एकदाबी त्येला इचारलं न्हाई, तात्या, तुमाला जायाचं हुतं का म्हनून."